सर्व्हर चालू, नेटवर्क बेपत्ता

सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या पतसंस्था, सूतगिरण्या आणि मध्यम आकाराची हॉस्पिटलं यांचे सर्व्हर सांभाळणं हा माझा धंदा. सगळीकडे चित्र साधारण सारखंच. एका कोंदट खोलीत एक-दोन जाडजूड मशिनं, त्यांवर प्रॉक्समॉक्स, आणि त्याच्या आत पाच-दहा व्हीएम, म्हणजे आभासी मशिनं. एकीवर टॅली, एकीवर कर्जखात्यांचं सॉफ्टवेअर, एकीवर हजेरीचं मशीन. ब्रॉडकॉमनं नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ताब्यात घेतली आणि डिसेंबरात कायमस्वरूपी परवाने बंद केले. त्यानंतर माझ्याकडची उरलीसुरली गिऱ्हाइकंही प्रॉक्समॉक्स या व्हिएन्नाच्या फुकट प्रणालीवर आली. प्रणाली दणकट आहे, तक्रार नाही. पण मोठं अपग्रेड झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी एक ठरावीक फोन येतो : "सर्व्हर चालू आहे, दिवे लागलेत, पण कुणालाच काही दिसत नाही."

असे फोन घेता घेता जे ध्यानात आलं, ते इथे मांडतो.

१. काहीच हरवलेलं नाही, असं धरून बसा

प्रॉक्समॉक्सच्या पोटात डेबियन आहे. जून २०२३ ची आठवी आवृत्ती डेबियन १२ वर, ऑगस्ट २०२५ ची नववी डेबियन १३ वर. होस्टचं, म्हणजे मूळ मशिनीचं, सगळं नेटवर्क 'इंटरफेसेस' नावाच्या एका साध्या मजकुराच्या फाइलीत असतं. व्हीएमबीआर० नावाचा एक ब्रिज आहे, त्याचा आयपी अमुक, गेटवे तमुक, आणि त्याला जोडलेलं खरंखुरं कार्ड ईएनपी३एस०एफ०, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. ब्रिज म्हणजे मशिनीच्या आतला स्विच. सगळ्या व्हीएम त्यालाच लागलेल्या असतात.

अपग्रेड या फाइलीला सहसा हात लावत नाही. बदलतं ते कार्डाचं नाव. लिनक्समध्ये पूर्वी कार्डं इथ०, इथ१ अशी, जे आधी सापडेल त्याला पहिला नंबर या हिशेबानं ओळखली जायची. २०१३ पासून सिस्टमडीनं ती पद्धत बदलली आणि कार्ड कुठल्या पीसीआय बसवर, कुठल्या स्लॉटमध्ये आहे, त्यावरून नाव पडू लागलं. ईएनपी३एस०एफ० म्हणजे तिसरी बस, शून्यावा स्लॉट, पहिला पोर्ट. हेतू असा की नाव कायम राहावं. पण एप्रिल २०२४ मध्ये ८.२ बरोबर ६.८ चा कर्नल आला. त्यातले काही कार्डांचे ड्रायव्हर पोर्टचं नावही सांगू लागले, आणि जुन्या नावाला 'एनपी०' असं शेपूट चिकटलं. फाइलीत ईएनपी३एस०एफ०, मशिनीत ईएनपी३एस०एफ०एनपी०. ब्रिज उभा राहतो, त्याला आयपीही मिळतो, फक्त त्याच्या टोकाला तार नसते.

दुसरं कारण आपणच आणलेलं असतं. अपग्रेडसाठी मशीन बंद केलंच आहे, तर एक एनव्हीएमई डिस्कही बसवून घेऊ, असं कुणीतरी म्हणतं. डिस्क बसते, पीसीआय बसचे क्रमांक एकानं सरकतात, आणि ईएनपी३ चं ईएनपी४ होतं. डिस्कचा आणि नेटवर्कचा काय संबंध, म्हणून दिवसभर कुणी तिकडे बघत नाही.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की एका ओळीतला एक शब्द दुरुस्त करायचा असताना लोक अख्खं प्रॉक्समॉक्स नव्यानं टाकायला बसतात. एका सूतगिरणीत बाहेरून बोलावलेल्या माणसानं तेच केलं. इन्स्टॉलर निवडलेली डिस्क पुसून टाकतो, आणि व्हीएमच्या डिस्का त्याच डिस्कवर होत्या. नेटवर्क आलं, मागचं सगळं गेलं. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलर सुरू करण्याआधी फोन उचला, कुणालाही विचारा.

२. पडद्यावरचा आयपी खरा धरू नका

सर्व्हरला मॉनिटर लावला की लॉगिनच्या वर ठळक ओळ दिसते : या पत्त्यावर जा, पोर्ट ८००६. ते पाहून तिथला माणूस फोनवर सांगतो, "आयपी तर दाखवतोय, म्हणजे नेटवर्क आहे." नाही. ती ओळ मशीन चालू होताना यंत्राच्या नावावरून तयार होते, आणि ते नाव बहुतेक ठिकाणी 'होस्ट्स' फाइलीतून उलगडलं जातं. केबल उपटून ठेवली तरी ती तशीच दिसणार. खरी परिस्थिती 'आयपी लिंक' सांगते. ब्रिजसमोर 'नो-कॅरिअर' आणि कुठल्याच कार्डासमोर ब्रिजचं नाव नाही, हे दिसलं की निदान झालं.

३. कन्सोलची सोय अपग्रेडच्या आधी

नेटवर्क गेल्यावर एसएसएच नाही, वेब पान नाही. उरतो फक्त कन्सोल. मोठ्या कंपनीच्या सर्व्हरवर दूरून पडदा बघायची वेगळी सोय असते, पण त्यातला पडदा दिसण्यासाठी बऱ्याचदा जादा परवाना लागतो आणि खरेदीच्या वेळी खर्च वाचवायला तोच पहिला गाळलेला असतो. मग मॉनिटर. सर्व्हरला निळा व्हीजीए पोर्ट, ऑफिसातले सगळे मॉनिटर एचडीएमआयचे, आणि शहरातलं कॉम्प्युटरचं दुकान दहाशिवाय उघडत नाही. एक जुना व्हीजीए मॉनिटर आणि यूएसबी कीबोर्ड सर्व्हरच्या खोलीतच ठेवावा. भंगारात काढू देऊ नये.

शिवाय मोठं अपग्रेड वेब पानावरच्या शेलमधून करू नका. अपग्रेड चालू असताना ती सेवाच मध्ये बंद पडून सुरू होते, आणि खिडकी गायब होते. एसएसएचमध्ये टीमक्स किंवा स्क्रीन सुरू करून त्यात करा.

४. फायरवॉल त्याच मशीनवर असेल तर

ऑफिसचा फायरवॉल आणि बाहेरून आत यायचा व्हीपीएन ही दोन्ही त्याच होस्टवरच्या व्हीएममध्ये असतात, आणि आपण घरी बसून त्याच व्हीपीएनमधून होस्ट अपग्रेड करायला निघतो. ब्रिज उठला नाही की फायरवॉल नाही, फायरवॉल नाही की व्हीपीएन नाही. मग गाडीला किल्ली मारण्यावाचून इलाज नसतो. अशा ठिकाणी मी जागेवर जाऊनच अपग्रेड करतो, यावर वाद घालत नाही.

५. कार्ड मशिनीला दिसतंय का, हे आधी

नाव बदलणं वेगळं आणि कार्डच न दिसणं वेगळं. 'एलएसपीसीआय -के' मध्ये कार्ड आहे, पण त्याखाली ड्रायव्हरची ओळ नाही, असं असेल तर फाइलीत कितीही खुडबुड करून उपयोग नाही. स्वस्त मदरबोर्डांवरच्या रिअलटेक चिपांबाबत हे नेहमी होतं. कुणीतरी वेगळा ड्रायव्हर डीकेएमएसनं बांधून घातलेला असतो. नवीन कर्नल येतो, त्याचे हेडर पॅकेज नसतात, ड्रायव्हर बांधला जात नाही, कार्ड मुकं.

व्हीएमवेअरवाल्यांनीही हे भोगलंय. एप्रिल २०२० च्या ईएसएक्सआय ७.० नं लिनक्सवरून घेतलेले जुने ड्रायव्हर काढून टाकले, आणि कित्येक जुनी कार्डं एका रात्रीत निकामी ठरली. तिथे दुरुस्ती नव्हती, नवं कार्ड हाच उपाय होता.

प्रॉक्समॉक्सवर निदान जुन्या कर्नलची वाट उघडी असते. सुरू होताना ग्रबच्या यादीतून आधीचा कर्नल निवडला की बहुतेक वेळा जुना ड्रायव्हर आणि जुनं नाव दोन्ही परत येतात. संस्थेचं काउंटर उघडायला अर्धा तास उरलेला असताना हाच रस्ता. खरी दुरुस्ती संध्याकाळी करा.

६. दिवा लुकलुकवा

चार पोर्टांच्या कार्डावर नवी चार नावं दिसतात. त्यातलं लॅनचं कुठलं? अंदाजानं एकेक लावून बघत बसण्यापेक्षा 'इथटूल -पी' आणि पुढे कार्डाचं नाव द्यावं. त्या पोर्टचा दिवा ठरावीक लयीत लुकलुकू लागतो. हे साधन आधीच टाकून ठेवा, नेटवर्क गेल्यावर कुठून उतरवणार?

एका पतसंस्थेत हे काम मी फोनवर शिपाईमामांकडून करून घेतलं. कन्सोलवर लेखापाल बसले होते, मी आज्ञा एकेक अक्षर सांगत होतो, आणि मामा सर्व्हरच्या मागे बॅटरी घेऊन.

"मामा, कुठला दिवा लुकलुकतोय?"

"साहेब, सगळंच लुकलुकायलंय की!"

"तसं नाही. एकसारखा, मोजून, कुठला?"

जरा वेळ शांतता. मग, "ह्यो बघा, डावीकडनं दुसरा. पर ह्यात वायर न्हाई."

हे कळणंच मोलाचं होतं. वायर नसलेला पोर्ट यादीतून कटाप झाला. दुसऱ्या नावाला मामांचा दिवा आणि स्विचकडे जाणारी निळी केबल जुळली. पोर्टांवर लेबलं असती तर मामांना वाकावं लागलं नसतं. त्या दिवसानंतर तिथे लेबलं आहेत.

ज्यांच्या सर्व्हरच्या खोलीत कुणी नाही, त्यांनी जर्नल उघडावं. कर्नल दर वेळी नोंद करतो की अमुक पीसीआय पत्त्यावरच्या कार्डाचं इथ० हे नाव बदलून हे केलं. 'जर्नलसीटीएल'ला मागच्या बूटची नोंद मागितली की जुनं नाव आणि पीसीआय पत्ता मिळतो. आजच्या नोंदीत तोच पत्ता शोधा, त्यापुढे नवं नाव. मात्र डिस्क बसवल्यामुळे बसच सरकली असेल तर पत्ताही बदललेला असतो. तेव्हा मॅक पत्त्यावरून ओळखावं.

७. आधी चालू करा, मग नीट करा

कार्ड ओळखलं की फाइलीला हात लावण्याआधी दोन आज्ञा : 'आयपी लिंक सेट' करून ते कार्ड अप करा, आणि त्याच आज्ञेनं त्याला व्हीएमबीआर० चं मास्टर द्या. त्याच क्षणी पिंग लागतं. रीबूट केलं की हे पुसलं जातं, पण तोवर निदान पक्कं झालेलं असतं आणि ऑफिसही सुरू झालेलं असतं. ब्रिज व्हीलॅन-अवेअर असेल तर मात्र एवढ्यानं भागत नाही. हातानं जोडलेल्या पोर्टावर फक्त १ नंबरचा व्हीलॅन असतो, त्यामुळे होस्ट दिसतो आणि टॅग लावलेल्या व्हीएम गप्प राहतात. घाबरू नका, फाइल दुरुस्त केली की त्या बोलतील.

फाइलीची आधी एक प्रत काढायची. मग जुनं नाव जिथे जिथे आहे तिथे तिथे नवं : 'ब्रिज-पोर्ट्स'च्या ओळीत, कार्डाच्या स्वतःच्या 'आयफेस' ओळीत, बॉण्ड असेल तर 'बॉण्ड-स्लेव्ह्ज'मध्येही. बाकी काही सुधारायला जाऊ नका. नंतर 'इफरिलोड -ए'. नेटवर्किंगची सेवा रीस्टार्ट करायची सवय अनेकांना असते. ती सवय इथे महाग पडते. सेवा खाली जाते तशा चालू व्हीएमच्या तारा ब्रिजवरून सुटतात आणि त्या व्हीएम बंद-चालू केल्याशिवाय पुन्हा लागत नाहीत. होस्टला पिंग लागतंय आणि एकाही व्हीएमला लागत नाही, असं कुणी सांगितलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो : रीस्टार्ट कुणी केलं?

८. दोष अपग्रेडचा नसतो, रीबूटचा असतो

वेब पानावर नेटवर्कमध्ये काही बदललं आणि 'अप्लाय' दाबलं नाही, तर तो बदल 'इंटरफेसेस.न्यू' नावाच्या फाइलीत पडून राहतो. यंत्र पुढे जेव्हा केव्हा रीबूट होईल तेव्हा ती फाइल मूळ फाइलीच्या जागी बसते. लिनक्स सर्व्हर वर्ष-वर्ष रीबूट होत नाहीत. कुणीतरी दिवाळीत दुसरा ब्रिज करायला घेतला, अर्धवट सोडला, आणि पुढच्या पावसाळ्यात अपग्रेडनंतरच्या रीबूटला तो अर्धवट बदल अंगावर आला. उलटही होतं. कुणी हातानं एखादा जादा आयपी किंवा रूट घातलेला असतो, फाइलीत कधी लिहिलेलाच नसतो, तो रीबूटला जातो. म्हणून अपग्रेडच्या आदल्या आठवड्यात मी नुसतं रीबूट करून बघतो. जुनं दुखणं असेल तर ते तेव्हाच बाहेर पडतं, आणि नव्या आवृत्तीच्या नावानं बोटं मोडावी लागत नाहीत.

९. "सगळ्या व्हीएम गेल्या!"

नेटवर्कची दुरुस्ती करताना कुणाच्या तरी हातून 'होस्ट्स' फाइलीतली होस्टच्या नावाची ओळच उडते. मग होस्टला स्वतःच्या नावावरून स्वतःचा पत्ता सापडत नाही, क्लस्टरची सेवा उठत नाही, आणि इटीसी-पीव्हीई हा फोल्डर रिकामा दिसतो. व्हीएमच्या सगळ्या व्याख्या तिथेच असतात. रिकामा फोल्डर बघून भल्याभल्यांचे पाय लटपटतात. पण तो खरा फोल्डर नव्हे. क्लस्टरची सेवा तो एका एसक्यूलाइट डेटाबेसमधून उभा करते, आणि तो डेटाबेस, 'कॉन्फिग.डीबी', व्हार-लिबमध्ये जागेवरच असतो. होस्ट्स फाइलीत नाव आणि खरा आयपी नीट लिहा, सेवा पुन्हा सुरू करा, व्हीएम परत दिसतात. तोवर त्या रिकाम्या फोल्डरात काहीही तयार करू नका, नाहीतर सेवा त्यावर माउंट व्हायला नकार देते.

१०. फाइल खरोखरच गेली असेल, तर ती इतरत्र विखुरलेली असते

हे क्वचित होतं, पण होतं. अशा वेळी शेजारपाजारच्या फाइलींना विचारावं. होस्टचा आयपी 'होस्ट्स'मध्ये सापडतो, क्लस्टर असेल तर कोरोसिंकच्या फाइलीतही. डीएनएस 'रिझॉल्व्ह.कॉन्फ'मध्ये. आणि सगळ्यात मोठा खजिना व्हीएमच्या व्याख्यांमध्ये. प्रत्येक व्हीएमच्या 'नेट०' ओळीत ती कुठल्या ब्रिजला आणि कुठल्या व्हीलॅन टॅगवर आहे ते लिहिलेलं असतं. सगळ्या फाइलींवर एक 'ग्रेप' फिरवा, किती ब्रिज होते आणि कुठले टॅग लागत होते याची यादीच हाती येते. उरलेलं स्विच सांगतो. कुठला पोर्ट ट्रंक, कुठला बॉण्डमध्ये, हे त्याच्याकडे नोंदलेलं असतं.

तरी एवढा तपास करायची वेळ का यावी? व्हीएमचा रोजचा बॅकअप होस्टच्या फाइली घेत नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. इटीसी फोल्डर आणि 'कॉन्फिग.डीबी' वेगळे काढून ठेवावे लागतात. प्रॉक्समॉक्सचा बॅकअप क्लायंट वापरत असाल तर तो माउंट केलेल्या जागा आपोआप वगळतो, म्हणजे इटीसी घेतला तरी इटीसी-पीव्हीई राहून जातो. तो मुद्दाम सांगावा लागतो. मी शिवाय 'इंटरफेसेस' फाइल छापून रॅकच्या दाराला आतून चिकटवतो. नेटवर्क गेलेलं असताना क्लाउडमधली प्रत वाचायला नेटवर्कच लागतं.

११. ब्रिजचा मॅक पत्ता

हे थोडक्यात. २०२१ मध्ये सातव्या आवृत्तीबरोबर डेबियन ११ आलं, तेव्हा ब्रिजचा मॅक पत्ता कार्डाऐवजी यंत्राच्या ओळखक्रमांकावरून आणि ब्रिजच्या नावावरून तयार होऊ लागला. घरच्या स्विचला त्याचं काही नाही. पण भाड्याच्या सर्व्हरवर डेटा सेंटर फक्त नोंदलेला मॅकच आत सोडतं, तिथे सगळं बरोबर असून एक पॅकेट बाहेर पडत नाही. ब्रिजच्या व्याख्येत 'एचडब्ल्यूअ‍ॅड्रेस' म्हणून जुना मॅक लिहिला, किंवा इफअपडाउन२ वर आलं, की प्रश्न मिटतो. जुन्या सहाव्या आवृत्तीवर अजून कुणी असेल तर त्यांनी हे वाचून ठेवावं. असतात, मी पाहिलेत.

१२. नावं ठोकून टाका

वरची सगळी धावपळ टाळणारा उपाय दहा मिनिटांचा आहे. सिस्टमडीच्या नेटवर्क फोल्डरात प्रत्येक कार्डासाठी एक छोटी 'लिंक' फाइल करायची : अमुक मॅक पत्त्याच्या इथरनेट कार्डाचं नाव अमुक. 'टाइप' इथर असं नक्की लिहा, नाहीतर तोच मॅक घेणारे व्हीलॅन आणि बॉण्डही त्या नावाच्या मागे लागतात. नाव 'ईएन'नं सुरू होणारं ठेवा, ईएनलॅन० वगैरे. आठव्या आवृत्तीपर्यंतचं वेब पान कार्ड ओळखायला अशीच सुरुवात बघतं. इथ० हे नाव देऊ नका, कर्नल स्वतः तीच नावं वाटत असतो आणि टक्कर होते. मग इनिटरॅमएफएस ताजं करा, 'इंटरफेसेस'मध्ये नवी नावं भरा, आणि कन्सोलसमोर बसून रीबूट. नवव्या आवृत्तीत याच कामासाठी तयार साधन आलं आहे. ते कार्डांना एनआयसी०, एनआयसी१ अशी नावं देतं आणि नेटवर्कच्या फाइलीतही बदलून ठेवतं. कर्नलनं नंतर कितीही शेपटं जोडली तरी फरक पडत नाही. मदरबोर्ड किंवा कार्ड बदललं तर मॅक बदलतो, तेवढ्या वेळी मात्र लिंक फाइल हातानं सुधारायची.

प्रॉक्समॉक्सच्या आठव्या आवृत्तीचा आधार ऑगस्ट २०२६ पर्यंतच आहे. त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या येणार नाहीत, म्हणजे नवव्यावर जाणं कुणालाच चुकणार नाही. जाण्याआधी 'पीव्हीई८टू९' ही तपासणी चालवा, तिचे इशारे वाचा, कार्डांची नावं ठोकून घ्या आणि व्हीजीए मॉनिटर चालू होतो का ते बघा. आणि पतसंस्थावाल्यांनी कृपा करून हे ३१ मार्चच्या आठवड्यात काढू नये.